भाताखालचं तूप

अण्णा,

भाताची मूद ताटात पडली की तुम्ही बोटानं तिच्या डोक्यावर एक खळगा करायचात आणि हात मांडीवर ठेवून वाट बघायचात. तुपाची वाटी माझ्या हातात असायची. साकु म्हणेपर्यंत वाढायचं, ही आपल्या घरची रीत. पुरे हा शब्द मराठी पुस्तकात होता, आपल्या पानावर सगळे कानडीतलं साकुच म्हणायचे. खळगा भरायचा, तूप एका अंगानं ओघळून सारात उतरायचं, त्याची पिवळी नाणी तरंगायला लागायची, आणि मी तुमच्या तोंडाकडे बघत राहायची. तुम्ही समोरच्या भिंतीकडे बघत असायचात, जणू ताट दुसऱ्या कुणाचं आहे. शेवटी चुलीपाशी बसलेली आई म्हणायची, "थांब गं आता. त्यांना साकु म्हणायची लाज वाटते." तुम्ही मिशीतल्या मिशीत हसायचात. साकु काही म्हणायचा नाहीत.

आज मंगळवार आहे. दुपारचे अडीच वाजलेत. बनशंकरीच्या माझ्या घरात दाराशी बॅग भरून ठेवली आहे: दोन गाऊन, शाल, चष्म्याची डबी, रिपोर्टांची जाड फाईल. साडेचारपर्यंत मुलगा येईल आणि मला रुग्णालयात दाखल करेल. उद्या सकाळी माझी छाती उघडणार आहेत. तीन रक्तवाहिन्या बंद होत आल्यात. पायातली शीर काढून तिथे जोडायची म्हणतात. तुमची ही मुलगी आता बासष्ट वर्षांची आहे, तुमच्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. टेबलावर रुग्णालयाचा फॉर्म आहे. नाव, वय, साखर, रक्तदाब, सगळं लिहून झालं. एकच रकाना सकाळपासून कोरा आहे. वडील: हयात की मृत. मृत असल्यास वय आणि कारण.

इतकी वर्षं कुणी विचारलं की मी सांगायची, कामाचा फार ताण होता. लग्नाच्या वेळी सासरी हेच सांगितलं. मुलाला लहानपणी हेच सांगितलं. तो अजून तेच धरून बसलाय. मागच्या महिन्यात मला म्हणाला, "आई, आजोबांसारखं नको करायला, मी आता शनिवारी लॅपटॉप उघडतच नाही." मी मान डोलावली. त्याला अडतिसावं चालू आहे.

तुमच्या पहिल्या झटक्याच्या वेळी मी पंधरा वर्षांची होते. तुम्ही एकोणपन्नासाचे. छापखान्यातून येताना बसच्या रांगेत घामानं भिजून खाली बसलात, तिथल्या फुलवालीनं पाणी पाजलं आणि ऑटोत घालून घरी आणलं. तीन आठवड्यांनी रुग्णालयातून आलात तेव्हा गालफडं बसली होती, शर्टाच्या खिशात सिगारेटचं पाकीट नव्हतं, आणि आपल्या रस्त्यावरचे म्हातारे डॉक्टर समोर खुर्ची घेऊन बसले होते. ते बोटांवर मोजत सांगत होते. सिगारेट आजपासून नाही. लोणी, साय, खवा नाही. दूध साय काढून. तूप दिवसाला एक लहान चमचा, त्यावर थेंब नाही. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि ते गेल्यावर पदर खोचून उभी राहिली. "एक म्हटला की त्याचे दोन होतात. मी ओळखते ना तुम्हाला. या माणसाच्या ताटात आजपासून तूप नाही. एक चमचाही नाही." तुम्ही म्हणालात, "सरी." बरं, एवढंच. आईपुढे तुम्ही एवढंच म्हणायचात.

माझ्यासाठी आणि सणावारासाठी तूप घरात होतंच. आठवड्याची साय विरजून बुधवारी लोणी निघायचं आणि आई ते कल्हईच्या पितळी पातेल्यात कढवायची. शेवटी परसातल्या शेवग्याची चार पानं टाकायची. ती तडतडली की तूप उतरवायचं, हे तिचं घड्याळ. तळाला राहिलेली तपकिरी बेरी आणि कुरकुरीत पानं साखर घालून मला मिळायची. पूर्वी अर्धी बेरी तुमची असायची. त्यानंतरच्या बुधवारी मी वाटी घेऊन पायरीवर बसले होते आणि तुम्ही वर्तमानपत्र वाचत होतात. पान उलटलं नव्हतं बराच वेळ. मी वाटी पुढे केली. तुम्ही स्वयंपाकघराकडे बघितलंत, मग माझ्याकडे, आणि नको म्हणून मान हलवलीत. ती मान हलवण्याची पद्धत मला सोसली नाही अण्णा. एवढंच कारण. मी डॉक्टरांचं बोलणं ऐकलं होतं. एक चमचा चालतो म्हणाले होते. आई एकही देत नव्हती. म्हणजे तुमच्या हक्काचा एक चमचा रोज शिल्लक राहत होता आणि तो मी द्यायचा, यात पाप कुठे होतं?

रात्रीच्या जेवणाला आई पाठमोरी बसून भाकऱ्या थापायची, वाढायला मी असायची. त्या रात्री आधी ताटात तूप, त्यावर भात. मूद वरून कोरडी, गुळगुळीत, खळगा नसलेली. तुम्ही भात खालून कालवायला लागलात आणि पहिल्या घासाला थांबलात. माझ्याकडे बघितलं नाहीत. जेवण झाल्यावर हात धुताना माझ्या डोक्यावर ओल्या हाताची टपली मारलीत. दुसऱ्या दिवसापासून खूण ठरली, आपण न बोलताच ठरली. भात हवा असला की तुम्ही ताटाच्या काठावर बोटानं दोनदा वाजवायचात. आई म्हणायची, "तूप नाही तरी भात बरा जातोय हल्ली." तुम्ही म्हणायचात, "तुझ्या साराची करामत." मी, हसू लपवायला पदर नसलेली पोर, ओठ दाबून भांडी आवरायची.

दोन वर्षं हे चाललं. आमच्या वर्गात एक ख्रिस्ती मैत्रीण होती. ती शनिवारी चर्चमध्ये जाळीमागच्या फादरना आपली पापं सांगून यायची आणि सोमवारी ताजीतवानी दिसायची. मी एकदा तिला विचारलं, दुसऱ्याच्या भल्यासाठी केलेली लबाडी सांगावी लागते का? ती म्हणाली, सगळीच सांगावी लागते, पण हलकं वाटतं. आपल्यात तशी जाळी नाही. मी कुणालाही सांगितलं नाही. आणि खरं सांगू, मला हलकं व्हायचंही नव्हतं. ते ओझं मला आवडायचं. इंग्रजी शाळेत जाणारी, घरात परक्यासारखी वाटणारी मी, माझ्याकडे तुमचं एक गुपित होतं जे आईकडेही नव्हतं.

विज्ञान शिकवणाऱ्या सिस्टरनी त्याच वर्षी आम्हाला कागदाचा प्रयोग दाखवला होता. एका कागदावर पाण्याचा थेंब, दुसऱ्यावर लोण्याचा. थोड्या वेळानं दोन्ही कागद खिडकीशी धरायला लावले. पाण्याचा डाग वाळून गेला होता. लोण्याच्या डागातून मैदानावरचं झाड दिसत होतं. "पाणी निघून जातं, मुलींनो," सिस्टर म्हणाल्या, "स्निग्ध पदार्थ जिथे शिरतो तिथे राहतो." आम्ही ते परीक्षेसाठी पाठ केलं.

आणि मग तो शनिवार. तुमचा डबा घासायला घेतला. चपात्या गुंडाळायला आई तुम्ही छापखान्यात तपासलेल्या प्रुफांचे रद्दी कागद वापरायची. तो कागद मी चुरगाळणार होते. सहज खिडकीशी धरला. मधोमध तळहाताएवढी काच झाली होती. पलीकडे शेवग्याचं झाड दिसत होतं आणि कागदावरची तुमची लाल पेन्सिलीची खूण उजेडात तरंगत होती. वास घेतला. तेल नव्हतं ते. तुमच्या आजारापासून आई चपात्या कोरड्या करते, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. मी तो कागद किती वेळ धरून उभी होते कोण जाणे. तुम्ही तिच्याकडूनही घेत होतात. दोन वर्षं मला टपली मारून तुम्ही तिच्याकडूनही घेत होतात.

दुसऱ्या दिवशी रविवार, दुपारचं जेवण. आई भाकऱ्या थापत होती. तुम्ही ताटाच्या काठावर दोनदा वाजवलंत. मी कोरडा भात वाढला आणि मोठ्यानं, आईला ऐकू जाईल असं म्हणाले, "अण्णा, आता साकु."

आईचा हात परातीत थांबला. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. रागानं नाही, तो राग मी सोसला असता. चूक सापडल्यावर छापखान्यातला नवा माणूस तुमच्याकडे जसा बघत असेल, तसं बघितलंत. मग म्हणालात, "सरी." साराबरोबर सगळा भात संपवलात आणि हात धुताना माझ्या बाजूला आला नाहीत. सोमवारी सकाळी अकरा वाजता तुम्ही टेबलावर डोकं टेकलंत, पुढ्यात प्रूफ, हातात लाल पेन्सिल. सोबतची माणसं तुम्हाला घेऊन आली तेव्हा मागून कुणीतरी छत्री आणि डबा आणला. डबा उघडलेला नव्हता.

तो डबा संध्याकाळी आईनं उघडला. घर माणसांनी भरलं होतं, स्वयंपाकघरात आम्ही दोघीच होतो. तिनं कागद सोडला, चपात्या बाजूला काढल्या, आणि कागदाकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघितलं. मी तिच्या हातातल्या कागदाकडे बघत होते. तिला कळलं की मला कळलं. तिनं कागद चुलीत घातला. तूप लागलेला कागद कसा पेटतो ते तुम्हाला माहीत आहे.

दहाव्या दिवशी अक्का, तुमची बहीण, दोन गल्ल्या पलीकडून आली. छापखान्यातून परतताना रोज संध्याकाळी तुम्ही तिच्याकडे कॉफीला थांबायचात हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती कपाळ बडवून घेत होती. "माझ्या हातचं उपीट खायला यायचा गं. मी म्हणायची, तुझी बायको फार कडक, ये, स्वल्प तूप घालते. डॉक्टरनं एक चमचा सांगितला होता ना? एकच घालायची मी. एकच गं." आई भिंतीला टेकून उभी होती. मी तिच्या शेजारी. आम्ही तिघी बायका एका खोलीत होतो, प्रत्येकीचा एकच चमचा होता. आणि आमच्यामधला माणूस, ज्याला एकट्याला बेरीज माहीत होती, तो फोटोत गेला होता.

मला तुमचा फार राग आला होता अण्णा. आजही येतो. तुम्ही दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायचात, एक काना सुटला तर तुमची पेन्सिल थांबायची. ही चूक तुमच्या पोटात रोज वाढत होती आणि तुम्ही तिघींपुढे मान खाली घालून घास घेत होतात. का? जिभेसाठी? की आम्हाला नाही म्हणवत नव्हतं? नवऱ्याला काही चोरून देता येतं, भावाला देता येतं, बापाला देता येतं, हे सुख तुम्ही आमच्याकडून काढून घेऊ शकला नाहीत, असं मला कधी कधी वाटतं. मग वाटतं, मी उगाच तुम्हाला चांगलं ठरवते आहे. तुम्हाला तूप आवडायचं, बस.

मागच्या आठवड्यात रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंना मी विचारलंच. तरुण आहे, माझ्याशी कानडीत बोलते, अम्मा म्हणते. मी विचारलं, दिवसाला तीन चमचे तुपानं माणूस जातो का? ती हसली नाही. म्हणाली, "एका चमच्याकडे बोट दाखवून मी काही सांगू शकत नाही, अम्मा. ते सिगारेट ओढायचे?" ओढायचे, पहिल्या झटक्यापर्यंत. "मग ती पण धरा. पण तूप, लोणी, साय, चीज, यातली चरबी रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवते, आणि ते वर्षानुवर्षं रक्तवाहिनीच्या भिंतीत साठतं. काही घराण्यांत ते मुळातच जास्त असतं. दुसऱ्याला जे थोडं, ते अशा माणसाला थोडं राहत नाही." मग माझा रिपोर्ट बघत म्हणाली, "तुमचं घर तसं दिसतंय. मुलं किती तुम्हाला? त्यांची तपासणी केलीय?"

सिस्टरांचा कागद मला आठवला. जिथे शिरतो तिथे राहतो. रक्तवाहिनी म्हणजे कागद नव्हे, एवढं मला कळतं, पण त्या दिवशी घरी येईपर्यंत माझ्या डोळ्यांपुढून ती काच हलली नाही.

आणि त्याआधीच्या रविवारी जे बघितलं ते तर तुम्हाला सांगायलाच हवं. मुलाचं घर सर्जापूर रोडला आहे, तेराव्या मजल्यावर. सून पुण्याची, मनानं चांगली, बोलायला मोकळी. तिला चहाची मदत करावी म्हणून मी कपाट उघडलं तर फळीवर तुपाच्या तीन बरण्या. एक माझी, दर शनिवारी मी कढवून पाठवते ती, तळाशी शेवग्याची पानं घातलेली. सून म्हणाली, "आई, ती मधली माझ्या आईनं पाठवलेली, कुरिअरनं येते दर महिन्याला. आणि ही त्यानं ऑनलाइन मागवलीय, देशी गायीचं म्हणे. तीनही वेगळी लागतात म्हणतो. मी बोलून थकले." हॉलमधून मुलगा ओरडला, "एकेक चमचाच घेतो गं प्रत्येकातला!" सून हसली. नातही हसली. मी माझी बरणी उचलून छातीशी घट्ट धरली. सुनेला वाटलं माझी छाती दुखतेय. त्याच्या टेबलाच्या खणात सहा महिन्यांपूर्वीचा रक्ताचा रिपोर्ट आहे हे तिनंच मला जाताना लिफ्टपाशी हळूच सांगितलं. कोलेस्टेरॉल खूप आहे. डॉक्टरकडे जातो जातो म्हणतो, जात नाही.

म्हणजे पंचेचाळीस वर्षांनी मी परत ताटात आधी तूप वाढते आहे. या वेळी मला दुसरे दोन चमचेही दिसतायत. आणि तरीही परवाच्या शनिवारी मी बरणी पाठवली. हात थांबला नाही. आईनं पाठवलेली बरणी नाही आली तर त्याला काय वाटेल, असं मनात आलं.

आत्ता मध्ये फोन आला. मुलाचाच.

"आई, निघालोय, पण पुढे सगळं ठप्प आहे. अर्धा तास इकडे तिकडे होईल. फॉर्म भरलास?"

"एक रकाना राहिलाय."

"आजोबांचा? लिही ना, वर्क स्ट्रेस. ते विचारतात म्हणून विचारतात गं."

"स्ट्रेस नव्हता."

त्याच्या मागे हॉर्न वाजत होते. "मग काय होतं?"

"गाडीत सांगते. आणि तुझा खणातला रिपोर्ट घेऊन ये."

"आई, उद्या तुझं ऑपरेशन आहे. आज माझं काय काढतेस? काही होणार नाहीये तुला."

"मला नाही. तुला." मी म्हणाले. "गाडी वळव. रिपोर्ट नसेल तर मी बॅग उचलत नाही."

"अगं, वेडी आहेस का? आता परत मागे..." पुढचं ऐकू आलं नाही. मग म्हणाला, "बरं. सरी." त्याला हे कुठून आलं? तो तर घरात कधी सरी म्हणत नाही.

रकाना भरला. मृत. वय एक्कावन्न. कारण, हृदयविकाराचा दुसरा झटका. खाली जागा होती तिथे लिहिलं: मुलगा, अडतीस, कोलेस्टेरॉल जास्त, अजून औषध नाही. फॉर्ममध्ये ते कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टरीणबाई वाचेल.

आता तो यायच्या आत काय कुणाला द्यायचं ते लिहून ठेवते. मी घरी परत आले तर हे फाडून टाकेन. कल्हईचं पातेलं सुनेला. त्यात तिनं सार करावं, सार फार छान होतं त्यात. तिच्या फळीवरच्या तीन बरण्यांपैकी दोन आपल्या देवळात द्याव्या, इथे बायका मंगळवारी लिंबाच्या सालीत तुपाचे दिवे लावतात, तिथे कुणाच्या छातीत जाणार नाही. तिसरी राहू द्यावी, पण ती सुनेच्या आईची असावी, माझी नको. आईच्या डब्यातला चांदीचा लहान चमचा मुलाला, आणि डॉक्टर जितका म्हणतील तितकाच तो दिवसातून भरावा, कुणाच्याही हातानं, पण सगळ्यांच्या देखत, भाताच्या वर. डॉक्टर मुळीच नको म्हणाले तर चमचा भिंतीवर टांगावा. शेवग्याच्या पानांची बेरी नातीला, वर्षातून एकदा, तिच्या वाढदिवसाला. ती पायरीवर बसून खाते, तिला कुणी शिकवलेलं नाही. तुमची लाल पेन्सिल, जी त्या दिवशी तुमच्या मुठीतून आईनं सोडवून घेतली, ती माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. तीही नातीला. अक्काची पितळी उपिटाची कढई माझ्या धाकट्या जावेला, ती मागून थकली.

हे पत्र कुणालाच नाही. कपाटात साड्यांखाली जो कागद अंथरलाय त्याच्या खाली ठेवते आहे.

मुलाला मी गाडीत सगळं सांगेन. आई, अक्का, मी, कागद, सोमवार. एकच गोष्ट सांगणार नाही, ती तुम्हाला सांगते. त्या रविवारी मी साकु म्हणाले ते तुमच्या काळजीपोटी, असं मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आले. दोन वर्षं दिलं, पण शेवटच्या दिवशी तरी शहाणपणा केला, असं. तसं नव्हतं अण्णा. तुमच्या छातीचा विचारही माझ्या मनात नव्हता. तुम्ही आईच्या हातचंही खाता, हे मला सहन झालं नव्हतं.